क्लाउडवर जायच्या आधी कोण कोणाशी बोलतंय ते बघा
अ‍ॅप्लिकेशन्स क्लाउडवर हलवायची असतील तर आधी सर्व्हर मोजत बसू नका, कुठलं अ‍ॅप कुठल्या डेटाबेसशी, कुठल्या फाइल शेअरशी (नेटवर्कवरच्या सामायिक फोल्डरशी) बोलतंय ते शोधा, आणि त्यासाठी निदान महिनाभराचे नेटवर्क लॉग (कुठलं मशीन कोणाशी जोडलं गेलं याच्या नोंदी) बघाच कारण महिनाअखेरचे पगाराचे, हिशोबाचे जॉब (आपोआप चालणारी कामं) एरवी दिसतच नाहीत. डेटाबेसशी सतत बोलणारं अ‍ॅप आणि त्याचा डेटाबेस एकत्रच हलवा, नाहीतर एक क्लाउडवर आणि दुसरा जुन्या जागी राहिला आणि एका स्क्रीनला १०० क्वेरी (डेटाबेसला केलेल्या विचारणा) एकामागोमाग लागत असतील तर प्रत्येकीच्या जाण्यायेण्याचे ३० मिलिसेकंद धरले तरी ३ सेकंद तिथेच गेले, वर क्लाउडमधून बाहेर जाणाऱ्या डेटाचं बिल वेगळं. आणि हो, डीएनएसचा (नावावरून सर्व्हरचा पत्ता सांगणारी यंत्रणा) टीटीएल (तो पत्ता किती वेळ लक्षात ठेवायचा ती मुदत) हलवायच्या एक-दोन दिवस आधीच ३०० सेकंदांवर आणा, काही बिघडलंच तर जुन्या सर्व्हरवर पटकन परत येता येतं.