ऑटोमॅटिक गाडीचं गिअरबॉक्स ऑईल चेक करणं आणि बदलणं

आधी तुमच्या गाडीत गिअरबॉक्स कुठला आहे ते बघा. क्लच पेडल नसलं की आपण सरसकट ऑटोमॅटिक म्हणून मोकळे होतो, पण सीव्हीटी (ठरावीक गिअरऐवजी पट्टा आणि पुली), ड्युअल क्लच (दोन क्लच आपोआप चालवणारा) आणि टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिनची ताकद ऑईलमधून पुढे पोचवणारा) यांची ऑईलं वेगवेगळी असतात, आणि एएमटी तर आतून मॅन्युअल गिअरबॉक्सच असतो, फक्त क्लच आणि गिअर मशीन टाकतं. मी इथे टॉर्क कन्व्हर्टरवाल्याबद्दल लिहितोय. ऑईलचा स्पेक, म्हणजे कुठल्या प्रकारचं ऑईल लागतं ते, गाडीच्या मॅन्युअलमध्ये (माहिती पुस्तिकेत) असतो तोच घ्यायचा, डेक्सरॉन सिक्स म्हटलंय तर डेक्सरॉन सिक्स, टोयोटा डब्ल्यूएस म्हटलंय तर डब्ल्यूएस. "सगळ्या गाड्यांना चालतं" असं डब्यावर लिहिलेलं ऑईल मी तरी घालणार नाही.

डिपस्टिक (ऑईलची लेव्हल मोजायची खुणांची पट्टी) असेल तर चेक करणं सोपंय, फक्त इंजिन ऑईलची सवय इथे चालत नाही. गाडी पंधरा-वीस मिनिटं चालवून गरम करा, सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, आणि इंजिन चालू ठेवून ब्रेक दाबून लिव्हर प्रत्येक गिअरमधून हळूहळू फिरवून परत पार्कमध्ये आणा. मग इंजिन चालू असतानाच डिपस्टिक काढायची, पुसायची, परत घालून काढायची आणि हॉटच्या खुणांमध्ये लेव्हल आहे का बघायचं. इंजिन बंद केलं की पंप थांबतो, ऑईल खाली पॅनमध्ये उतरतं आणि लेव्हल उगाच जास्त दिसते. होंडाच्या बऱ्याच गाड्यांत मात्र उलटं आहे, गरम झाल्यावर इंजिन बंद करून लगेच बघायचं, म्हणून मॅन्युअल उघडाच. आणि डिपस्टिक पुसायला धागे सुटणारी चिंधी नको, तो धागा आत व्हॉल्व्हमध्ये जाऊन अडकू शकतो.

एक थेंब पांढऱ्या कागदावर टाका. लालसर आणि पारदर्शक असेल तर छान, तपकिरी असेल तर बदलायची वेळ जवळ आली. काळं आणि जळका वास म्हणजे क्लच प्लेटा जळतायत, आणि गिअर घसरत असेल तर नुसतं ऑईल बदलून तो बरा होत नाही हे आधीच समजून घ्या. स्ट्रॉबेरी मिल्कशेकसारखं गुलाबी-दुधट दिसलं तर आत कूलंट नाहीतर पाणी गेलंय, मग गाडी चालवू नका, टो करून न्या.

आता बदलायचं. "लाइफटाइम ऑईल", म्हणजे कधीच बदलावं लागत नाही, यावर माझा फारसा विश्वास नाही, गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतःच साधारण 80,000 ते 1,20,000 किमीला बदला म्हणते. गाडी कोमट असताना जॅक स्टँडवर सरळ लेव्हलमध्ये घ्या, नुसत्या जॅकवर ठेवून खाली अजिबात शिरू नका. डिपस्टिक नसलेल्या गाडीत आधी फिल प्लग (ऑईल भरायच्या भोकाचं बूच) सुटतो का ते बघा आणि मगच ड्रेन प्लगला (ऑईल काढायचं खालचं बूच) हात लावा, नाहीतर सगळं ऑईल खाली आणि वरचा प्लग जाम, गाडी तिथेच अडकली.

निघालेलं ऑईल मापाच्या भांड्यात मोजा, तेवढंच नवीन घालायचंय. पॅन काढता आला तर काढा, आत लोहचुंबक असतात, त्यांच्यावर बारीक राखाडी चिखल असणं नॉर्मल आहे पण बोटाला टोचणारे धातूचे तुकडे दिसले तर गिअरबॉक्सवाल्याला दाखवा. फिल्टर आणि गॅस्केट नवीन टाका, बोल्ट एकदम न आवळता समोरासमोरचे थोडे थोडे आवळत जा, जोर लावला की पॅन वाकतो आणि गळायला लागतो. ड्रेन प्लगचा वॉशरही नवीनच.

एका वेळी साधारण अर्धंच ऑईल निघतं, बाकीचं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून काही शे किलोमीटर चालवून परत एकदा ड्रेन करून भरायचं, हे मला मशीन लावून सगळं ऑईल एकदम बदलण्यापेक्षा (फ्लश) बरं वाटतं.

डिपस्टिक नसेल तर शेवटची लेव्हल ओव्हरफ्लो प्लगनेच (जास्तीचं ऑईल बाहेर येऊ देणारं बूच) ठरते. इंजिन चालू, गाडी सपाट, आणि ऑईलचं तापमान मॅन्युअलमध्ये दिलंय तेवढं, बऱ्याच गाड्यांत ते 40 अंशांच्या आसपास असतं, गाडीच्या कॉम्प्युटरला जोडायचा स्कॅनर लावला की दिसतं. प्लग उघडल्यावर काहीच आलं नाही तर अजून घाला, धार आली तर ती बारीक होऊन थेंबांवर येईपर्यंत थांबा आणि प्लग लावा. जास्त भरलं तरी फेस होऊन प्रेशर पडतं, त्यामुळे "थोडं जास्त असू दे" हे इथे नको. दोन-तीन दिवस गाडीखाली पुठ्ठा टाकून ठेवा, कुठे थेंब पडतोय का ते लगेच कळतं.