दिवाळी पहाटेची गाणी: दूरदूरच्या मित्रांनी मिळून एक यादी कशी करावी

वसुबारस जवळ आली की मित्रांच्या व्हॉट्सॲप गटात गाण्यांच्या लिंक येऊ लागतात आणि शुभेच्छांच्या चित्रांखाली दोन दिवसांत दिसेनाशा होतात. पाठवणाऱ्याने गाणे मनापासून निवडलेले असते. परंतु ते का निवडले हे लिहिलेले नसल्यामुळे ऐकणारा ते पुढे कधीतरी ऐकू म्हणून ठेवून देतो आणि विसरतो. आमच्या सात जणांच्या गटातले तिघे पुण्यात, एक जण नाशिकला आणि उरलेले लंडन, न्यू जर्सी व सिडनी येथे राहतात. आमच्याकडेही अनेक वर्षे असेच होत राहिले, तेव्हा आम्ही नरकचतुर्दशीच्या पहाटेसाठी सर्वांची मिळून एकच यादी करू लागलो. ज्यांना अशी यादी करायची असेल त्यांच्यासाठी ही पद्धत सविस्तर लिहीत आहे.

पहिला प्रश्न यादी कोठे करावी हा आहे. मित्र वेगवेगळ्या देशांत असतील तर मी यूट्यूब सुचवीन, कारण तेथे पैसे न भरताही सर्वांना ऐकता येते आणि जुनी मराठी ध्वनिमुद्रणे सहसा तेथे सापडतात. एकाने प्लेलिस्ट तयार करावी, ती केवळ लिंक असलेल्यांनाच दिसेल अशी ठेवावी आणि इतरांनाही गाणी घालता येतील अशी परवानगी सेटिंगमध्ये द्यावी. स्पॉटिफायवरही प्लेलिस्टमध्ये सहकाऱ्यांना निमंत्रण देण्याची सोय आहे. मात्र ध्वनिमुद्रणांचे हक्क देशानुसार वेगळे असल्याने भारतात वाजणारे गाणे परदेशातील मित्राला मिळेलच असे नाही. म्हणून प्रत्येक गाणे यादीत आल्यावर परदेशातील निदान एकाने ते वाजवून पाहावे.

संख्येचे बंधन आधीच ठरवावे. आम्ही प्रत्येकी तीन गाणी ठरवतो. सात जणांची एकवीस गाणी होतात आणि सरासरी चार मिनिटे धरली तर सुमारे 84 मिनिटांचा कार्यक्रम होतो, जो उटणे लावण्यापासून फराळाचे ताट समोर येईपर्यंत पुरतो. बंधन नसेल तर यादी शंभर गाण्यांवर जाते आणि ती कोणीही पूर्ण ऐकत नाही. तीनच निवडायची म्हटल्यावर माणूस खरोखर विचार करतो.

यानंतरची पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. प्रत्येक गाण्यासोबत त्याची ओळख पाठवावी: गायक, गीतकार आणि संगीतकार यांची नावे, आणि हे गाणे मला का हवे आहे हे सांगणाऱ्या दोन ओळी. संगीताच्या ॲपवर बहुतेक वेळा केवळ गायकाचे नाव ठळक दिसते. गीतकाराचे नाव एक तर नसते किंवा चुकीचे असते, आणि अभंग किंवा भूपाळी असेल तर ‘पारंपरिक’ म्हणून ती जागा मोकळी सोडलेली असते. ‘घनश्याम सुंदरा’ ही भूपाळी अनेकजण पारंपरिक म्हणून पुढे पाठवतात. वास्तविक ती शाहीर होनाजी बाळा यांची म्हणून ओळखली जाते, आज आपल्या कानांत असलेली तिची चाल वसंत देसाई यांची आहे आणि ती 1951 साली आलेल्या ‘अमर भूपाळी’ या चित्रपटातली आहे. नावे पडताळण्यासाठी ‘आठवणीतली गाणी’ हे संकेतस्थळ फार उपयोगी पडते; तेथे गाण्याच्या शब्दांबरोबर गीतकार, संगीतकार, गायक आणि अनेकदा रागही दिलेला असतो. शोध घेताना गाण्याचे पहिले तीन-चार शब्द देवनागरीत लिहावेत, कारण रोमन लिपीत एकाच शब्दाची अनेक रूपे केली जातात आणि हवे ते ध्वनिमुद्रण हाती लागत नाही.

कोणते ध्वनिमुद्रण हवे आहे हेही स्पष्ट सांगावे. मिनिटाला 78 फेऱ्या घेणाऱ्या जुन्या ग्रामोफोन तबकडीच्या एका बाजूवर तीन-साडेतीन मिनिटेच मावत, त्यामुळे तबकडीवरचे नाट्यपद आटोपशीर असते, तर तेच पद मैफिलीत पंधरा मिनिटेही रंगते. दोन्ही आपापल्या जागी सुंदर आहेत. परंतु मित्राने एक मनात धरून दुसरेच ऐकले तर आपण लिहिलेल्या दोन ओळींचा अर्थ त्याला लागत नाही.

फाईल पाठवावी की लिंक, याविषयी माझे मत लिंकच्या बाजूने आहे. भारतीय कायद्यानुसार ध्वनिमुद्रणावरील हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो, तर शब्द आणि चाल यांवरील हक्क ते रचणाऱ्याच्या मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून 60 वर्षे टिकतो. म्हणजे 1951 च्या ध्वनिमुद्रणाची मुदत संपलेली असली तरी 1975 साली निवर्तलेल्या वसंत देसाई यांच्या चालींवरील हक्क 2035 अखेरपर्यंत आहे. जुने आहे म्हणून ते सर्वांचे झाले, असे समजून गाणे स्वतःच्या नावाने चढवू नये.

घरातला आवाज मात्र फाईल म्हणूनच पाठवावा लागतो आणि आमच्या यादीतली सर्वांत मोलाची भर तीच आहे. कोणाची आजी भाऊबीजेच्या ओव्या म्हणते, कोणाचे वडील पेटीवर भूपाळी वाजवतात. असे मुद्रण करताना पंखा बंद करावा, फोन विमानाच्या मोडवर टाकावा, तो गाणाऱ्यापासून हातभर अंतरावर उशीवर किंवा घडी केलेल्या चादरीवर ठेवावा आणि आरंभी नाव, गाव व तारीख बोलून घ्यावी. व्हॉट्सॲपवर हे मुद्रण व्हॉइस मेसेज म्हणून न करता फोनच्या रेकॉर्डरवर करून ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे, म्हणजे मूळ फाईल जशीच्या तशी पोहोचते. गाणाऱ्याला आधी विचारावे आणि गटाबाहेर ते पाठवू नये.

क्रम लावण्याचे काम एकाच व्यक्तीकडे असावे व ते दरवर्षी दुसऱ्याकडे जावे. सनई, मग भूपाळी, अभंग, नाट्यपदे आणि उजाडल्यावर भावगीते हा क्रम सहसा जुळून येतो. रागांची वेळ पाळायची असेल तर आरंभी भैरव, ललित यांना जागा द्यावी. नावामुळे होणारा एक गोंधळ येथे टाळावा: भूपाळी पहाटेची असली तरी भूप हा राग रात्रीच्या पहिल्या प्रहराचा आहे. जुन्या मुद्रणांचा आवाज नव्यांपेक्षा हळू असतो, म्हणून आवाजाची पातळी सारखी ठेवण्याची सोय ॲपमध्ये असेल तर ती सुरू करावी.

एकत्र ऐकायचे असेल तर वेळेचा हिशेब आधी करावा. नोव्हेंबरच्या दिवाळीत सहसा भारतात पहाटेचे 5:30 वाजतात तेव्हा लंडनला मध्यरात्र असते, न्यू जर्सीत आदल्या संध्याकाळचे 7 आणि सिडनीत सकाळचे 11 वाजलेले असतात. दिवाळी ऑक्टोबरमध्ये आली तर सहसा लंडनला रात्रीचा 1 आणि न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे 8 वाजलेले असतात. हिवाळ्यासाठी घड्याळे ब्रिटनमध्ये ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी आणि अमेरिकेत नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेतली जातात, हे लक्षात ठेवून निमंत्रणात प्रत्येकाची स्थानिक वेळ लिहावी. व्हिडिओ कॉलवर गाणे फोनच्या स्पीकरवरून ऐकवू नये; संगणकाचा पडदा शेअर करताना त्याचा आवाजही शेअर करावा. कोणी प्रत्यक्ष गाणार असेल तर त्याने आपल्याकडील आवाजशुद्धीची सोय बंद ठेवावी, कारण ती तानपुऱ्याचा सलग नाद पंख्याच्या घरघरीसारखा समजून कापून टाकते. झूममध्ये यासाठी मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय आहे. गाणे चालू असताना बाकीच्यांनी माईक बंद ठेवावा आणि बोलणे दोन गाण्यांच्या मध्ये करावे. मला स्वतःला तेव्हाचे बोलणे गाण्यांइतकेच हवेहवेसे वाटते.

भाऊबीजेपर्यंत संपूर्ण यादी साध्या मजकुराच्या फाईलमध्ये उतरवावी: क्रमांक, पहिली ओळ, गायक, गीतकार व संगीतकार यांची नावे, कोणी सुचवले आणि त्या दोन ओळी. व्हिडिओ काढून टाकले जातात, लिंक बंद पडतात आणि प्लेलिस्टमध्ये रिकामी जागा उरते; लिहिलेल्या नावांवरून तेच गाणे दुसरीकडे शोधता येते. ती फाईल सर्वांना मेलने पाठवावी, विषयाच्या जागी वर्ष घालावे आणि पुढच्या वर्षी क्रम कोण लावणार त्याचे नाव खाली लिहावे.