प्लगइन टाकलं, पण यादीत येत नाही?

मिरजेच्या तंबोऱ्याचं रेकॉर्डिंग साफ करायला घेतलं, त्यासाठी ईक्यूचं (आवाजातले ठरावीक पट्टे कमी-जास्त करणारं) प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, टाकलं, आणि ऑडेसिटी किंवा रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरच्या यादीत त्याचा पत्ताच नाही. अशा वेळी लगेच काढून परत इन्स्टॉल करू नका. तीच फाइल त्याच जागी जाणार आणि अडचणही तीच राहणार. आधी प्रकार तपासा, मग जागा, मग स्कॅन. पुढचं सगळं विंडोजसाठी आहे.

व्हीएसटी हा अशा प्लगइनचा प्रकार. जुन्या व्हीएसटी२ प्लगइनची फाइल डीएलएल असते, नव्या प्रकारची व्हीएसटी३. ऑडेसिटीत व्हीएसटी३ चालू लागलं ते ३.२ आवृत्तीपासून, म्हणजे २०२२ पासून. त्याआधीची आवृत्ती असेल तर अपडेट कराच. शिवाय ऑडेसिटी फक्त इफेक्ट, म्हणजे आवाजावर प्रक्रिया करणारी प्लगइन, घेते. तबला किंवा पियानो वाजवणारं इन्स्ट्रुमेंट प्लगइन तिथे दिसणार नाही, त्याला रीपर लागेल. ३२ आणि ६४ बिटचा घोळही इथेच होतो. ६४ बिट ऑडेसिटी ३२ बिट प्लगइन उघडत नाही. रीपर ते उघडतं, मधे ब्रिज म्हणजे जोडणारा दुवा घालून, तरी ६४ बिट मिळत असेल तर तेच घ्या.

व्हीएसटी३ची जागा ठरलेली आहे: सी ड्राइव्ह, प्रोग्राम फाइल्स, कॉमन फाइल्स, व्हीएसटी३. झिप मिळाली असेल तर आधी एक्स्ट्रॅक्ट करा. डबल क्लिक केल्यावर आतलं दिसतं म्हणून ती उघडली असं वाटतं, पण सॉफ्टवेअरला त्यातलं काही सापडत नाही. काही व्हीएसटी३ प्लगइन म्हणजे अख्खा फोल्डर असतो; तो तसाच उचलून ठेवा, नाहीतर आतलं लागणारं सामान मागे राहतं. व्हीएसटी२ला अशी एक जागा नाही. इन्स्टॉलरनं डीएलएल कुठे ठेवली ते शोधा आणि रीपरमध्ये कंट्रोल-पी दाबून व्हीएसटीच्या पानावर तो फोल्डर जोडा.

त्याच पानावर री-स्कॅन आहे. तिथे कॅश (आधीच्या स्कॅनची साठवलेली नोंद) पुसून सगळं नव्याने स्कॅन करण्याचा पर्याय निवडा. फक्त नवं-बदललेलं शोधलं तर एकदा फसलेलं प्लगइन सुटून जाऊ शकतं. ऑडेसिटीत इफेक्ट मेन्यूमधून प्लगइन मॅनेजर उघडा, रीस्कॅन करा आणि प्लगइनसमोरची खूण चालू आहे का ते पाहा. बऱ्याचदा ते सापडलेलं असतं, फक्त बंद असतं.

एवढं करूनही उघडत नसेल तर मायक्रोसॉफ्टच्याच साइटवरून व्हिज्युअल सी प्लस प्लस रीडिस्ट्रिब्युटेबल, एक्स६४, टाका. अनेक प्लगइनना त्याची गरज असते. क्रॅक केलेली प्लगइन मात्र टाकूच नका. त्यातून व्हायरस येण्याचा धोका मोठा असतो.

प्लगइन दिसलं की तंबोऱ्याच्या ट्रॅकवरच तपासा. विजेची गुणगुण ५० हर्ट्झवर असते. तिथे अगदी अरुंद कट द्या, म्हणजे तेवढाच पट्टा कमी करा, आणि बायपास (प्लगइन तात्पुरतं बाजूला ठेवणारं बटण) चालू-बंद करत ऐका. काळी एक पट्टीत लावलेल्या तंबोऱ्याचा खर्ज, म्हणजे सर्वात खालचा सा, साधारण ६९ हर्ट्झला असतो, त्यामुळे कट रुंद झाला की खर्जच पातळ होतो. गुणगुण ५०च्या तिप्पट, १५० हर्ट्झवरही येते; तिथे कट देताना तर आणखी जपा, कारण त्याच खर्जाचा दुसरा स्वरांश (मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा) १३९च्या आसपास आहे.