गेम खेळायची आवड आहे, पण गेमच्या क्षेत्रात शिरायचं कसं?

‘लहानपणापासून गेमचं वेड आहे’ हे वाक्य गेम स्टुडिओकडे येणाऱ्या असंख्य अर्जांत असतं, त्यामुळे त्याचं वजन शून्य. अर्ज वाचणारा शोधत असतो ते वेगळंच: या माणसाने काय बनवलं, आणि जे हाती घेतलं ते तडीस नेलं का? सुरू होणारा, संपणारा आणि दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवरही चालणारा एक छोटा गेम तुमच्या नावावर असेल, तर खेळण्यात घालवलेल्या हजारो तासांपेक्षा तो जास्त कामाला येतो. खालच्या सगळ्या पायऱ्या त्या एका गेमभोवतीच फिरतात.

१. वही घेऊन खेळा

आवडता गेम पुन्हा उघडा, पण या वेळी जिंकायला नको. पहिल्या दहा मिनिटांत गेमने काय शिकवलं आणि ते कसं शिकवलं, एवढंच टिपा.

सरावाला १९८५ चा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ घ्या. मारिओ पडद्याच्या डावीकडे उभा असतो, उजवीकडे मोकळं मैदान. कुठे जायचं ते एक अक्षर न लिहिता कळलं. चार पावलांवर प्रश्नचिन्हाचा ठोकळा, आणि समोरून भुवया आवळलेला गूम्बा नावाचा शत्रू चालत येतो. नुसतं बघत राहिलात तर तो धडकतो आणि मारिओ मरतो. पण गेम आत्ताच सुरू झालाय, त्यामुळे हातचं गेलं ते फक्त चार पावलं. दुसऱ्या खेपेला अंगठा आपोआप उडीच्या बटणावर जातो. थोडं पुढे ठोकळ्यातून मशरूम निघतं. नुकताच गूम्बाचा मार खाल्लेला खेळाडू त्यालाही घाबरणार, हे लेव्हल बनवणाऱ्यांनी ओळखलं होतं. म्हणून ते मशरूम उजवीकडे घरंगळतं, पाइपावर आपटतं आणि उलट तुमच्याच दिशेने येतं. उडी मारून चुकवायला जावं, तर डोक्यावर विटा आहेत. मशरूम अंगाला लागतं, मारिओ मोठा होतो आणि धडा पूर्ण होतो.

अशी उकल पाच-सहा गेमची करा. आवडत नसलेल्या दोन गेमचीही करा. ‘मला कंटाळा आला’ याच्या पुढे जाऊन नेमका कोणत्या मिनिटाला आणि कशामुळे आला, हे लिहिता आलं पाहिजे.

२. काम नेमकं कोणतं, ते ठरवा

विचारलं की बहुतेक जण ‘गेम डिझायनर’ म्हणतात. नवख्यांसाठी या जागा फार थोड्या निघतात. उरलेलं क्षेत्र मात्र मोठं आहे. पात्राच्या हालचाली आणि नियम लिहिणारे गेमप्ले प्रोग्रामर, बाकीच्यांसाठी साधनं बनवणारे टूल्स प्रोग्रामर, संकल्पनाचित्रं काढणारे, थ्रीडी मॉडेल करणारे, ॲनिमेटर, चित्रकार आणि प्रोग्रामर यांच्यामधला दुवा असलेले टेक्निकल आर्टिस्ट, लेव्हल डिझायनर, आवाजाचं काम करणारे, वेळापत्रक सांभाळणारे प्रोड्यूसर, चाचणी करणारे टेस्टर, गेम दुसऱ्या भाषेत नेणारे अनुवादक, खेळाडूंशी बोलणारे कम्युनिटी मॅनेजर. निवडताना माझी कसोटी एकच: ज्या कामाचा कंटाळवाणा भागही तुम्हाला सोसवतो, ते तुमचं काम.

टेस्टिंगबद्दल मोठा गैरसमज आहे. दिवसभर गेम खेळायचे पैसे मिळतात असं नाही. तीन दिवस एकाच भिंतीला वेगवेगळ्या कोनांतून धडका द्यायचे मिळतात. आणि खरं कौशल्य बग, म्हणजे गेममधली चूक, सापडण्यात नाही, तो लिहिण्यात आहे. ‘दाराजवळ गेम अडकतो’ अशा तक्रारीचं प्रोग्रामर काय करणार? त्याऐवजी असं लिहा: ‘दुसरी लेव्हल, लाकडी दार. दार उघडत असताना पॉज करायचं, दोन सेकंदांत पुन्हा सुरू करायचं. अपेक्षा: पात्र दारातून पुढे जावं. घडतं ते: पात्र चौकटीत अडकतं, उडीही मारता येत नाही. दहापैकी सात वेळा.’ सोबत गेमच्या आवृत्तीचा क्रमांक आणि छोटा व्हिडिओ. अशा पाच नोंदी, कुठल्याही मोफत गेमवर केलेल्या, अर्जाला जोडल्या तर समोरच्याला दुसरं काही विचारावं लागत नाही.

३. इंजिन निवडा आणि वाद मिटवा

इंजिन म्हणजे गेम बनवायचं तयार सॉफ्टवेअर. युनिटी, अनरिअल, गोडो यांपैकी काहीही चालेल. गोडो मोफत आणि मुक्त स्रोत आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही बऱ्यापैकी चालतं. द्विमितीय गेमसाठी गेममेकर आहे. २०१५ चा ‘अंडरटेल’ त्यातच बनला. परवान्याच्या अटी मात्र वाचा. २०२३ मध्ये युनिटीने गेमच्या प्रत्येक इन्स्टॉलमागे शुल्क लावायची घोषणा केली, तेव्हा गेम बनवणारे खवळले. २०२४ मध्ये कंपनीला ते शुल्क मागे घ्यावं लागलं. त्या काळात कित्येकांनी इंजिन बदललं. एक इंजिन नीट शिकलेल्याला दुसरं जड जात नाही, म्हणून कोणतं चांगलं यावर महिनाभर व्हिडिओ बघत बसू नका.

४. पहिला गेम लाज वाटेल इतका लहान ठेवा

अटारी कंपनीने १९७२ मध्ये ‘पाँग’ आणला. ॲलन अल्कॉर्न या नव्या इंजिनिअरला तो निव्वळ हात बसावा म्हणून दिलेला सराव होता: दोन पट्ट्या, एक चेंडू, गुण. तुमचाही सराव तेवढाच असू द्या. खुलं जग, चाळीस शस्त्रं, ऑनलाइन लढाई असं काही मनात असेल तर ते वहीत लिहा आणि वही मिटा.

चेंडू उडवायला एक संध्याकाळ पुरते. मग सुरुवातीचा मेनू, पॉज, आवाज कमी-जास्त करायची सोय, हरल्यावर पुन्हा सुरू करणं, खिडकीचा आकार बदलल्यावर चित्र न बिघडणं, यात दोन आठवडे जातात. इथेच बहुतेकांचे गेम अर्धवट राहतात. हे पार केलेला माणूस स्टुडिओला हवा असतो.

५. दुसऱ्याच्या हातात द्या, आणि गप्प बसा

माझा पहिला पूर्ण झालेला गेम तीन लेव्हलचा होता. एका मित्राला खेळायला दिला. दुसऱ्या कड्यावरून तो चार वेळा खाली पडला आणि दर वेळी म्हणाला, ‘अरे, मी बटण दाबलं होतं!’ मी कोड दाखवून त्याला पटवायला निघालो की तू उशिरा दाबलंस. कोड बरोबरच होता. मित्रही बरोबर होता. पाय कड्यावरून सुटल्यावर तीन-चार फ्रेमनी (फ्रेम म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र) त्याचं बटण दाबलं जात होतं आणि सेकंदाला साठ फ्रेम असताना एवढा फरक माणसाला कळतच नाही.

या दुखण्यावर उपाय जुना आहे. कडा सुटल्यावरही पाच-सहा फ्रेम, म्हणजे सुमारे दशांश सेकंद, उडी चालू द्यायची. याला ‘कायोटी टाइम’ म्हणतात. कार्टूनमधला कायोटी कडा संपल्यावरही क्षणभर हवेत धावतो, त्यावरून. तसंच जमिनीला पाय टेकायच्या किंचित आधी दाबलेलं बटण लक्षात ठेवून टेकताक्षणी उडी द्यायची. दोन्ही मिळून दहा-बारा ओळींचा कोड. मित्राने पुन्हा खेळून विचारलं, ‘कंट्रोल बदललेस का?’

म्हणून चाचणीचा नियम असा: समजावू नका, इशारे करू नका, खेळणाऱ्याच्या हातांकडे आणि चेहऱ्याकडे बघा. तो कुठे थांबला, कुठे चुकीच्या दिशेला गेला ते लिहा. त्याने सुचवलेल्या उपायांपेक्षा त्याची अडचण महत्त्वाची. आईवडिलांची मतं या कामी सोडून द्या. त्यांना सगळंच छान वाटतं.

६. एका जॅममध्ये उतरा

गेम जॅम म्हणजे ठरलेल्या विषयावर, ठरलेल्या वेळात गेम बनवायचा. लुडम डेअर २००२ पासून आणि ग्लोबल गेम जॅम २००९ पासून चालू आहे. ४८ तासांची मुदत नेहमीची. यातून मोठे गेमही निघालेत. २०१८ च्या ‘सेलेस्ट’चं मूळ दोघांनी चार दिवसांत पिको-८ या छोट्या काल्पनिक कन्सोलवर केलेल्या छोट्या गेममध्ये आहे. ‘सुपरहॉट’ची सुरुवातही २०१३ मधल्या सात दिवसांच्या एका स्पर्धेतली.

निम्म्या वेळात खेळता येईल असं काहीतरी उभं राहिलंच पाहिजे, उरलेला वेळ ते घासूनपुसून घ्यायला. रात्री झोपा, जागून लिहिलेला कोड सकाळी खोडावा लागतो. शक्यतो अनोळखी लोकांच्या गटात जा. पुढे नोकरीची बातमी बऱ्याचदा अशाच ओळखीतून येते.

७. काम मांडा

इच डॉट आयओ या वेबसाइटवर गेम फुकट चढवता येतो. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात प्रत्येक गेममागे १०० डॉलर भरावे लागतात आणि विक्री १,००० डॉलरच्या पुढे गेली की ते परत मिळतात. पहिला गेम स्टीमवर टाकायची घाई करू नका.

पोर्टफोलिओत तीनच कामं ठेवा, सगळ्यात चांगलं सगळ्यात वर. व्हिडिओ असेल तर मिनिट-दीड मिनिटाचा, सुरुवातीला फिरणारा लोगो नको. गटात केलेलं काम असेल तर तुमचा वाटा कोणता ते स्पष्ट लिहा: ‘शत्रूंच्या हालचाली माझ्या, चित्रं दुसऱ्याची.’ लेव्हल डिझाइन करायचं असेल तर असलेल्या गेमचे मॉड, म्हणजे त्यात बदल करून केलेल्या नव्या आवृत्त्या, हा चांगला रस्ता. ‘काउंटर-स्ट्राइक’ १९९९ मध्ये ‘हाफ-लाइफ’चा मॉड म्हणूनच सुरू झाला होता; बनवणाऱ्या दोघांना ‘हाफ-लाइफ’च्याच व्हॉल्व्ह कंपनीने कामावर घेतलं आणि पुढच्याच वर्षी तो स्वतंत्र गेम म्हणून विकायला आला.

८. नोकरी सोडायच्या आणि धरायच्या आधी

एरिक बॅरोनने ‘स्टारड्यू व्हॅली’ चार वर्षांहून जास्त काळ एकट्याने बनवला, हे सगळ्यांना पाठ असतं. त्या काळात तो एका थिएटरमध्ये अर्धवेळ काम करत होता, हे कुणी सांगत नाही. उत्पन्नाचा दुसरा आधार मिळेपर्यंत हातची नोकरी सोडू नका. २०२३ आणि २०२४ मध्ये या क्षेत्रात हजारो अनुभवी लोकांच्या नोकऱ्या गेल्या; एकेका जागेसाठी तेही तुमच्याबरोबर रांगेत असतात.

मुलाखतीत तुम्हीही विचारा. गेम बाजारात यायच्या आधीच्या महिन्यांत किती तास काम असतं? जादा तासांचे पैसे मिळतात का? घरी, स्वतःच्या वेळात केलेल्या गेमवर कंपनी हक्क सांगते का? आणि गेमच्या श्रेयनामावलीत नाव येतं का, मधेच नोकरी सोडली तरी येतं का? काही ठिकाणी सोडून गेलेल्यांची नावं गाळतात.

हे भांडण गेमइतकंच जुनं आहे. अटारी प्रोग्रामरांची नावं छापत नसे, म्हणून त्यातल्या काही जणांनी बाहेर पडून १९७९ मध्ये ॲक्टिव्हिजन काढली. वॉरन रॉबिनेटने वेगळा मार्ग धरला. ‘ॲडव्हेंचर’ गेममध्ये त्याने एक गुप्त खोली केली, पार्श्वभूमीच्याच रंगाच्या एका ठिपक्याने उघडणारी, आणि आत स्वतःचं नाव लिहिलं. कुणाला सांगितलं नाही. कंपनीला ते कळलं एका किशोरवयीन खेळाडूच्या पत्रातून, आणि तोवर रॉबिनेट नोकरी सोडून गेला होता.