अस्तित्ववादी करिअर कोचिंग : या चुका टाळा

‘तू स्वतंत्र आहेस, सोड नोकरी!’ असं सांगणाऱ्या कोचने सार्त्र अर्धाच वाचलेला असतो. सार्त्र हा फ्रेंच अस्तित्ववादी तत्त्वज्ञ; माणूस आपल्या निवडींतून घडतो, असं हा विचार मानतो. सार्त्रच्या मांडणीत स्वातंत्र्य कायम परिस्थितीच्या आत असतं. वय, शरीर, घर, झालेला भूतकाळ हे सगळं पदरात पडलेलंच असतं.

म्हणून पहिल्या भेटीत कागदावर उभी रेघ मारून घ्या. डावीकडे ‘आहे ते’: गृहकर्जाचा हप्ता ३८,००० रुपये, नोटीस पीरियड ९० दिवस, बचत पाच महिने पुरेल एवढी. उजवीकडे ‘मी धरून चाललोय ते’. ‘घरच्यांना चालणार नाही’ ही ओळ हमखास डावीकडे पडते. घरच्यांना विचारलंय का? नसेल, तर ती उजवीकडे. उलटी चूकही होते: आजारी वडिलांची देखभाल ‘मनाचे खेळ’ म्हणून उजवीकडे ढकलू नका.

‘माझ्यापुढे पर्यायच नाही’

सगळ्यात जास्त नुकसान या वाक्यापाशी होतं. सार्त्रने १९४३ मध्ये कॅफेतल्या वेटरचं उदाहरण दिलं. त्याच्या हालचाली जरा जास्तच नेमक्या, जणू तो वेटर सोडून दुसरा कुणी नाहीच. ही आत्मवंचना: आपल्यापुढे निवड आहे हे स्वतःपासूनच लपवणं. पण हा शब्द क्लायंटच्या तोंडावर फेकला, की तो सफाई देत बसतो आणि तास फुकट जातो. त्याऐवजी त्याचं वाक्य त्यालाच बदलू द्या: ‘मला नोकरी सोडता येत नाही’ याच्या जागी ‘मी नोकरी सोडत नाही, कारण मला अमुक जपायचंय’. मोठ्याने म्हणू द्या. मग अर्धा मिनिट तुम्ही गप्प राहा. ‘अमुक’च्या जागी मुलीची शाळा आली, तर तीही निवडच, आणि मानाची. राहणं म्हणजे हार, असं मनात धरलेला कोच स्वतःचंच उत्तर लादत असतो.

सगळ्याच अडचणी वाक्य बदलून सुटत नाहीत. अमेरिकेत एच-१बी या नोकरीसाठीच्या व्हिसावर असलेल्याला नोकरी सुटल्यावर दुसरी सोय करायला किंवा देश सोडायला जास्तीत जास्त ६० दिवस मिळतात. हे डावीकडेच राहणार.

घालमेल लगेच शमवणं

डॅनिश तत्त्वज्ञ किर्केगार्दने १८४४ मध्ये अशा चिंतेला स्वातंत्र्याची भोवळ म्हटलं. निर्णयाआधी पोटात गोळा येणं हा बिघाड नव्हे. लगेच कल चाचणी पुढे केली, तर मूळ प्रश्न बाजूला पडतो. ‘कुठल्या पर्यायापाशी जास्त धडधडतं? तिथे काय गमवाल?’ असं विचारा.

मात्र दोन आठवडे झोप-भूक उडाली असेल, कशातच रस उरला नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवा. मरणाची भाषा आली, तर एक दिवसही थांबू नका. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. अशा वेळी अर्थाच्या शोधाची चर्चा करत बसणं धोक्याचं आहे.

उत्तर देऊन टाकणं

आईजवळ राहू की इंग्लंडला जाऊन जर्मनांविरुद्धच्या लढ्यात उतरू, असं विचारणाऱ्या विद्यार्थ्याची गोष्ट सार्त्रने १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात सांगितली. ‘तू स्वतंत्र आहेस, निवड’ हे त्याचं उत्तर सगळ्यांना आठवतं. सल्ला कुणाकडे मागायचा, ही निवडसुद्धा आपलीच, हे त्याच व्याख्यानातलं म्हणणं मागे पडतं. तेव्हा शेवटच्या दहा मिनिटांत विचारा: ‘मी काय म्हणेन असं वाटून तुम्ही आलात?’ मग सात दिवसांत करायची एकच गोष्ट तारखेसह लिहून घ्या, उदाहरणार्थ ‘शुक्रवारपर्यंत साहेबांना बदलीबद्दल विचारणं’. पुढची भेट त्याच ओळीपासून सुरू करा. झालं नसेल तर रागावू नका. शुक्रवारी त्याऐवजी काय केलं, ते विचारा.