खाडा पडल्यावर कथा पुन्हा कशी धरावी

नोकरी आणि घर सांभाळून दिवाळी अंकासाठी कथा लिहू पाहणाऱ्या माणसाला सगळे एकच सांगतात : रोज लिहा, पहाटे उठून लिहा, एकही दिवस चुकवू नका. मला हा सल्ला घातक वाटतो. पहाटे पाणी भरायचं असतं, डबे करायचे असतात. ज्यांच्यावर ते नाही त्यांनी पहाटे जरूर लिहावं. बाकीच्यांचा खाडा पडणारच. मुलाला ताप येतो, गावाहून फोन येतो, ऑफिसात ऑडिट लागतं. माझ्या ओळखीत चांगलं लिहिणाऱ्या कितीतरी जणांच्या कपाटात अर्ध्या कथा पडून आहेत. त्यांना सुचायचं थांबलं नव्हतं. मध्ये खाडा पडला आणि नंतर वही उघडवली नाही, एवढंच झालं. म्हणून कथा सुरू कशी करावी यापेक्षा सुटलेली कथा परत कशी धरावी, हे आधी शिकावं.

तारखा

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी कथालेखकाचं वर्ष दिवाळीपाशी बांधलेलं आहे. पण दिवाळी सरकते. २०२२ मध्ये लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे १२ नोव्हेंबरला. संपादकांच्या तारखाही त्याप्रमाणे थोड्या मागेपुढे होतात, पण बहुतेकांना साहित्य जुलै-ऑगस्टमध्ये हातात हवं असतं. म्हणून कथा एप्रिलमध्ये घ्यावी. मार्चएंड तोवर उरकलेला असतो. घरातली लग्नं, मे महिन्यातलं गावी जाणं, जूनमधला शाळेचा पहिला आठवडा यांवर कॅलेंडरमध्ये आधीच फुली मारा. ठरवून घेतलेला खाडा मनाला लागत नाही.

जागा, वही, वेळ

जिथे बसता येईल तिथे, जी हाताला येईल ती, जेव्हा मिळेल तेव्हा. यावर याहून जास्त विचार करू नये.

पहिला खर्डा

साधारण साडेतीन हजार शब्दांची कथा धरा. एका बैठकीत तीनशे शब्द, म्हणजे फुलस्केपचं जेमतेम एक पान. बारा बैठकींत खर्डा होतो. एप्रिल ते जुलै हे चार महिने बारा बैठकींना पुरतात, अगदी निम्मे आठवडे वाया गेले तरी. हा हिशेब वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. खाडा पडल्यावर घाबरायला होतं तेव्हा तो उपयोगी पडतो.

खाडा पडल्यावर

या पायरीवर मी वर्षानुवर्षं अडकत होते, म्हणून इथे सविस्तर सांगते.

परत बसलात की कथा पहिल्यापासून वाचू नका. हा मोह फार मोठा असतो, कारण वाचणं म्हणजे कामच चाललंय असं वाटतं. प्रत्यक्षात काय होतं? पहिल्या पानावरचा एखादा शब्द खटकतो, तो बदलता, मग वाक्य बदलता, आणि मिळालेला अर्धा तास तिथेच संपतो. पुढच्या खाड्यानंतर पुन्हा तेच. अशा कथेचं पहिलं पान सुरेख होतं आणि सातव्या पानापुढे काहीच नसतं. संपादकाला अर्ध्या कथेचं काही करता येत नाही.

त्याऐवजी शेवटचं अर्धं पान हाताने पुन्हा उतरवून काढा. नुसतं वाचायचं नाही, लिहायचंच, जसंच्या तसं, एकही शब्द न बदलता. मोबाइलवर लिहीत असाल तरी हा भाग कागदावर करा. मराठीत खाड्याची पहिली खूण भाषेत दिसते. आधी ‘तिने दार उघडलं’ असतं, खाड्यानंतर ‘तिने दार उघडले’ होतं. बायको नवऱ्याला ‘अहो’ म्हणत असते, मध्येच ‘अरे’ म्हणायला लागते. निवेदन भूतकाळातून वर्तमानकाळात घसरतं. सोलापूरकडच्या म्हाताऱ्याची बोली तीन पानं टिकते आणि चौथ्या पानावर तो पुण्यातल्या मास्तरांसारखा बोलू लागतो. वाचताना यातलं काहीच कानावर ठसत नाही. हाताने उतरवताना मात्र चौथ्या-पाचव्या वाक्यापर्यंत कथेची चाल पुन्हा हाताला लागते, आणि उतरवलेल्या शेवटच्या वाक्यानंतर नवं वाक्य आपसूक येतं. ते आलं की थांबू नका.

दुसरी गोष्ट उठताना करायची असते. प्रत्येक बैठकीच्या शेवटी, उठावंच लागणार हे कळल्यावर, समासात पेन्सिलने पुढची एक घटना लिहून ठेवा. इथे बहुतेक जण भावना लिहितात : ‘सुमनला आता एकटं वाटतंय.’ पंधरा दिवसांनी ही ओळ तुम्हाला काहीही देत नाही. ‘सुमन कपाट उघडते. पासबुक जागेवर नाही.’ ही ओळ देते. कोण, काय करतं, एवढंच हवं. हात हलला पाहिजे, दार उघडलं पाहिजे, कुणीतरी काहीतरी विचारलं पाहिजे. आणि शक्य असेल तर प्रसंग पूर्ण करून उठू नका. संपलेल्या प्रसंगानंतर पुन्हा सुरुवात करावी लागते, तर अर्धवट प्रसंग परत आल्यावर लगेच हाती लागतो.

तिसरी, आणि माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाची : परतल्यावर पहिल्या दिवशी बुडालेले दिवस भरून काढायचे नाहीत. ‘दहा दिवस गेले, आज तीन हजार शब्द काढतो’ असं म्हणून रविवारी दुपारी बसलेला माणूस चार वाजता थकून उठतो आणि पुढचा आठवडाभर वहीकडे बघत नाही. पहिल्या दिवशी पंधरा मिनिटं पुरेत. उतरवून काढणं आणि दोन-चार नवी वाक्यं झाली की उठा. हातात अजून वेळ असला, मन म्हणत असलं, तरी उठा. दुसऱ्या दिवशी बसावंसं वाटणं हेच त्या दिवशीचं काम असतं.

खाडा महिन्याहून मोठा असेल तर मात्र वेगळं करावं लागतं. वही उघडूच नका. कोऱ्या कागदावर कथा आठवेल तशी एका पानात लिहून काढा, किंवा घरात कुणी ऐकून घेणारं असेल तर त्यांना तोंडी सांगा. मग वही उघडून ताडून पाहा. जे तुम्हाला आठवलं नाही ते बहुधा कथेला नको होतं. मोठ्या खाड्यानंतर मी कथेतली पानंच्या पानं अशी काढून टाकली आहेत आणि त्यांची उणीव कधी भासली नाही. आजारपण, बाळंतपण, घरातलं मरण अशा कारणांनी लिहिणं सुटलेल्यांना मी मुद्दाम हे सांगते, कारण त्यांना वाटतं की आता सगळं गेलं. गेलेलं नसतं. उलट, आठवण त्या काळात तुमच्यासाठी काटछाट करत असते.

‘एक दिवस चुकला की सवय मोडली’ असं म्हणणाऱ्यांसाठी एक अभ्यास सांगते. युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना खाण्यापिण्याची किंवा व्यायामाची एखादी साधी कृती रोज करायला सांगितली आणि ती अंगवळणी कधी पडते ते पाहिलं. हे संशोधन २०१० मध्ये छापून आलं. लागणारा काळ १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता, मधला आकडा ६६. एखादी संधी हुकल्याने सवय लागण्यात फारसा फरक पडला नाही. सवय २१ दिवसांत लागते असं जे सगळीकडे सांगितलं जातं त्याला इथे आधार नाही. फळ खाण्याची सवय आणि कथा लिहिणं एक नव्हे, हे मान्य. पण एवढ्या साध्या कृतीतही माणसामाणसांत इतकं अंतर असेल, तर लिहिणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या दिनक्रमाचा दंडक लावू नये.

दुसरा खर्डा

मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडते तिथे खूण करा, वाचून झाल्यावर खुणा दुरुस्त करा. पहिली दोन पानं बहुतेक वेळा एका पानात बसतात.

शुद्धलेखन आणि टायपिंग

मराठी साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे नियम अठरा आहेत. ते पाठ नसले तरी जवळ असावेत. कथा युनिकोडमध्ये टाइप करा. अंकाची जुळणी दुसऱ्या फाँटमध्ये होणार असेल तर रूपांतरात जोडाक्षरं आणि रफार बिघडू शकतात, म्हणून वर्डच्या फाइलसोबत पीडीएफही पाठवा. प्रूफ पाहायला मिळालं तर आधी संवाद तपासा, कारण बोलीभाषेतले शब्द मुद्रितशोधक प्रमाण करून टाकतात. ‘व्हतं’चं ‘होतं’ झालं की पात्राचा आवाजच गेला.

पाठवणं

ज्या अंकाला पाठवणार त्याचे मागचे दोन अंक आधी वाचून पाहा. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे द्या. मेलमध्ये कथेचं नाव, शब्दसंख्या, तुमचा पत्ता आणि फोन एवढंच हवं. कथेचा सारांश आणि ती कशी सुचली हे लिहू नका. पोच आली नाही तर तीन आठवड्यांनी एकदा फोन करावा, तोही दुपारी, आणि ‘मिळाली का’ एवढंच विचारावं. नकार आला तर वाट मोकळी झाली : कथा त्याच आठवड्यात दुसरीकडे पाठवा, कारण ऑगस्ट संपत आला की बहुतेक अंकांची पानं भरलेली असतात.