रंग लहान होत नाही : १:२४ मॉडेल कार बांधताना

मॉडेल कार खेळण्यासारखी का दिसते, याचं उत्तर बहुतेक वेळा जाडीत सापडतं. गाडी चोवीसपट लहान झाली, पण रंग, काचेची कड, स्टिकर, चाकावरच्या कमानीचा पत्रा हे त्या प्रमाणात पातळ झाले नाहीत, की बघणाऱ्याला लगेच खटकतं. काय खटकलं ते त्याला सांगता येत नाही, एवढंच.

मी पिंपरीच्या बाजूला एका पेंट शॉपमध्ये तपासणीचं काम करते. हातात दिवसभर रंगाची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजणारा गेज असतो. खऱ्या गाडीवर ईडी कोट (गंज रोखणारा पहिला थर), प्रायमर, बेस (मूळ रंग) आणि क्लिअर (वरचा पारदर्शक थर) मिळून साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा थर बसतो. घरी मॉडेलवर प्रायमर, रंग आणि क्लिअरचे हात मारताना तेवढाच थर सहज चढतो. आता हिशेब करा. १०० मायक्रॉन गुणिले २४, म्हणजे खऱ्या गाडीवर २.४ मिलिमीटर रंग थापला. बोनेटच्या कडा गोलसर होतात, दरवाज्याच्या रेघा बुजतात, मागच्या डिकीवरची अक्षरं सुजतात. पुढे जे सांगणार आहे, त्यातलं बरंचसं ही जाडी उतरवण्याबद्दल आहे.

पहिलं किट, म्हणजे प्लॅस्टिकचे सुटे भाग जोडून गाडी करायचा संच, निवडताना इंजिन नसलेलं, १:२४ प्रमाणातलं घ्या. १:२४ म्हणजे एका फुटाला अर्धा इंच. अमेरिकन कंपन्यांची बरीच किट १:२५ मध्ये येतात, म्हणून एका किटची चाकं दुसऱ्याला लावायची असतील तर खोक्यावरचं प्रमाण आधी वाचा. तामिया, आओशिमा, फुजिमी, हासेगावा या चारही कंपन्या जपानच्या शिझुओका प्रांतातल्या. नवशिक्याला मी तामियाच द्यायला सांगते, कारण तिचे भाग एकमेकांत न भांडता बसतात आणि पहिल्याच गाडीत पुट्टी भरत बसावं लागत नाही. किट परवडत नसेल तर पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी फिरा. तुटकी डायकास्ट, म्हणजे धातूची ओतीव, गाडी मिळाली, की खालचे रिव्हेट ड्रिलने काढून, रंग उतरवून तिच्यावर हात बसवता येतो.

हत्यारं फार लागत नाहीत. भाग कापायला बारीक तोंडाचं कटर, टोकदार ब्लेडची सुरी, चिमटा, आणि ४०० पासून २००० नंबरपर्यंतचे वॉटर पेपर, म्हणजे ओले करून घासायचे पॉलिश पेपर. पेपर, हाताने फिरवायचं छोटं ड्रिल आणि बारीक मापं घ्यायचं व्हर्निअर रविवार पेठेत बोहरी आळीत मिळतात. चिकटवायला प्लॅस्टिक विरघळवून जोडणारं पातळ सिमेंट घ्या. भाग आधी जुळवून धरायचा आणि ब्रशचं टोक फटीला नुसतं टेकवायचं, सिमेंट आपोआप आत ओढलं जातं. काचांच्या जवळ फेविक्विक अजिबात नेऊ नका. त्याच्या वाफेने काच धुरकट होते आणि ते डाग जाता जात नाहीत. काचांना साधा पांढरा फेविकॉल टूथपिकने लावा. सुकल्यावर तो दिसत नाही आणि जास्त झाला तर ओल्या कापडाने पुसता येतो.

आता बॉडी. रंगाला हात लावण्याआधीचं काम इथेच आहे, आणि माझ्या मते निम्मी गाडी इथेच होते.

भांड्यांच्या साबणाने बॉडी धुवा, कारण साच्यातून सुटावी म्हणून लावलेला तेलकटपणा तिच्यावर असतो. वाळल्यावर खिडकीच्या उजेडात तिरकी धरा. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे बारीक उंचवटा दिसेल. तो बहुधा पुढच्या मडगार्डवरून छताच्या कडेने मागे जातो. ६०० च्या ओल्या पेपरने तो घालवा, पण आकार खाऊ नका.

मग दरवाजे, बोनेट, डिकी यांच्या रेघा. खऱ्या गाडीत दोन पत्र्यांमधली फट साधारण ४ मिलिमीटर असते, १:२४ मध्ये ती ०.१७ मिलिमीटर. किटमधली रेघ तशी उथळच असते, आणि तिच्यात प्रायमर, रंग, क्लिअर असे सगळे थर उतरायचे असतात. म्हणून रंगाआधी ती खोल करायची, रुंद मात्र करायची नाही. सुरीच्या ब्लेडची पाठ रेघेत ठेवून हलक्या हाताने ओढत राहा. जोर लावलात तर ब्लेड रेघ सोडून बोनेटवर जाईल. दहा-बारा हलके फेरे पुरतात. वळणावर बाहेरच्या बाजूने जाड टेप लावून तिचा आधार घ्या.

चाकांवरच्या कमानी बघा. प्लॅस्टिक एक मिलिमीटरच्या आसपास जाड असतं, म्हणजे खऱ्या मापात २४ मिलिमीटर. गाडीचा पत्रा तर जेमतेम पाऊण मिलिमीटरचा असतो. तेवढं पातळ प्लॅस्टिक शक्य नाही, पण नजरेला फक्त कड दिसते. आतल्या बाजूने सुरीने तिरका उतार द्या आणि कड कागदासारखी दिसेपर्यंत ४०० च्या पेपरने घासा. बाहेरून काहीच बदलत नाही, तरी गाडी एकदम पत्र्याची वाटू लागते. नव्या माणसाला मी एकच काम सांगायचं झालं, तर हे सांगेन.

रंगाचं म्हणाल तर पुण्यात आधी हवा बघायची. लॅकर म्हणजे पटकन वाळणारा रंग, त्यातलं सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार करतं. हवेत दमटपणा असेल तर तिथे बाष्प जमतं आणि रंगावर पांढुरका धूर बसतो. जून ते सप्टेंबर हा म्हणूनच कापण्या-घासण्याचा आणि इंटिरियरचा काळ. मी भिंतीवर आर्द्रता दाखवणारं स्वस्त घड्याळ लावलंय, आणि काटा साठ टक्क्यांच्या वर असेल तर लॅकरचा डबा उघडत नाही. एप्रिल-मेच्या दुपारी उलटा प्रकार होतो. थेंब बॉडीवर पोचेपर्यंत अर्धे वाळतात आणि संत्र्याच्या सालीसारखा खरबरीत पोत येतो. त्या दिवसांत सकाळी आठच्या आत उरका. दिवाळीनंतर फेब्रुवारीपर्यंत मात्र पुण्यासारखी रंगाची हवा शोधून मिळणार नाही. धूळ तेवढी सांभाळा, आजूबाजूला कुठे ना कुठे बांधकाम चालूच असतं. फवारणीआधी गॅलरीची फरशी ओली पुसून घ्या.

स्प्रे करताना कापडी मास्कचा उपयोग नाही. ऑरगॅनिक व्हेपरचं कार्ट्रिज असलेला रेस्पिरेटरच घाला. थिनरची वाफ पेट घेते, म्हणून घरात गॅस बंद आणि देवघरातली निरांजन शांत झालेली असू द्या. लहान मुलं घरात असतील तर रंग वाळेपर्यंत त्या खोलीचं दार लावा. यात सूट नाही.

प्रायमर करडा घ्या. वर लाल किंवा पिवळा येणार असेल तर पांढरा. स्प्रे कॅन पाच-दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवला की दाब सुधारतो आणि थेंब बारीक पडतात. पाणी उकळतं नको, हाताला सहज सोसेल इतकंच. अंतर साधारण वीस सेंटिमीटर. फवारा बॉडीच्या बाहेर सुरू करा आणि बाहेरच थांबवा. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचं प्लॅस्टिक दिसत राहील असा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, मग तिसरा. प्रत्येक हात संपवताना ‘अजून थोडं’ असं वाटतंच, आणि थांबायचं तेव्हाच. झाकण्याचं काम पुढच्या हाताचं. एअरब्रश (कॉम्प्रेसरच्या हवेवर चालणारा छोटा फवारा) असेल तर ०.३ मिलिमीटरचं नोझल आणि १५ ते २० पीएसआय दाब ठेवून याच कामाला निम्मा रंग लागतो. कॅनपेक्षा तो मला आवडतो, तो याच कारणासाठी.

थरांचा क्रम पक्का लक्षात ठेवा. लॅकरवर एनॅमल (सावकाश वाळणारा रंग) चालतं, पण एनॅमलवर लॅकर मारलं तर खालचा रंग सुरकुततो. हार्डवेअरच्या दुकानातलं एनसी थिनर ब्रश धुवायला ठीक, पॉलिस्टायरीनला, म्हणजे किटच्या प्लॅस्टिकला, ते फार कडक पडतं. गाड्यांचे टचअप स्प्रे कुणी सुचवतील. आधी किटमधल्या न लागणाऱ्या भागावर मारून बघा. त्यातही मेटॅलिक टाळा. त्यातली चमकी खऱ्या गाडीसाठी केलेली असते आणि मॉडेलवर ती सजावटीच्या जरीसारखी दिसते, कारण चमकीही चोवीसपट लहान झालेली नसते. मॉडेलसाठीच्या चंदेरी रंगात कण बारीक असतात.

वाळलं का हे बोटाने बघू नका, नाकाने बघा. बॉडी नाकाजवळ धरून थिनरचा वास येतोय तोवर आतला थर ओला आहे. वास पूर्ण गेल्यावरच डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून लावायचं पातळ स्टिकर, लावा. ते कोमट पाण्यात भिजवा, जागेवर सरकवा, खालचं पाणी कापसाने दाबून काढा. डेकल मऊ करणारं सॉफ्टनर लावल्यावर ते सुरकुततं, घाबरू नका आणि हात लावू नका. वाळताना ते आपोआप बसतं आणि रेघांमध्येही उतरतं. त्यावर क्लिअरचे दोन पातळ हात. वाळल्यावर २००० च्या ओल्या पेपरने सपाट भाग हलके घासून कंपाउंडने चमकवा. कडांना आणि उंच रेघांना पेपर लावू नका. थर पातळ ठेवलात, त्याची किंमत एवढीच की कडांवर रंग लगेच निघतो. तिथे आधीच टेपची पट्टी लावून ठेवा.

डिटेलिंगची खरी मजा मोजमापात आहे. मारुती ८०० घ्या : लांबी ३३३५ मिलिमीटर, रुंदी १४४०, व्हीलबेस २१७५. चोवीसने भागा, १३९, ६० आणि ९०.६ मिलिमीटर. टायरवर लिहिलेलं १४५/७० आर १२ वाचता आलं की टायरचा व्यासही निघतो. १४५ चे ७० टक्के म्हणजे १०१.५, त्याची दुप्पट २०३, त्यात बारा इंची रिमचे ३०५ मिळवा, ५०८ झाले. मॉडेलमध्ये २१ मिलिमीटर. सोसायटीच्या पार्किंगमध्ये शेजाऱ्याला विचारून, टेप घेऊन त्याच्या गाडीजवळ बसा. दाराचं हँडल किती वर आहे, वायपर कुठे थांबतो, आरसा कुठून बाहेर येतो, हे सगळं तिथे आहे.

याच हिशेबाने बाकीचं. सीटबेल्ट सुमारे ४८ मिलिमीटर रुंद, म्हणजे २ मिलिमीटर. तुळशीबागेतली रिबन त्यासाठी जाड पडते, मास्किंग टेपची पट्टी रंगवून लावली की बेल्ट सीटवर खराखुरा पडलेला दिसतो. स्पार्क प्लगची वायर ७ मिलिमीटरची, म्हणजे ०.३. बुधवार पेठेत पसोड्या विठोबाच्या आसपासच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत या जाडीची, एनॅमलचा लेप असलेली तांब्याची तार मिळते. लांब नंबरप्लेट ५०० बाय १२० मिलिमीटर, म्हणजे २०.८ बाय ५. ती फोटोपेपरवर छापू नका, पातळ कागदावर छापून कडा काळ्या मार्करने रंगवा. पुण्याची गाडी असेल तर एमएच १२, आमच्या पिंपरी-चिंचवडची एमएच १४. खिडकीभोवतीच्या क्रोमसाठी मॉडेलचं चिकट फॉइल रंगापेक्षा फार पातळ असतं. पट्टी लावा, टूथपिकने दाबत खाचेत बसवा, नव्या ब्लेडने जादा भाग कापा. काचेची कड आतून काळ्या रंगाने रंगवा, म्हणजे प्लॅस्टिकची जाडी दिसत नाही. रेघांमध्ये वॉश, म्हणजे थिनरने पाण्यासारखं पातळ केलेलं एनॅमल, सोडा, पण निव्वळ काळी नको. पांढऱ्या गाडीला करडी, लाल गाडीला गडद तपकिरी.

एकट्याने एवढं सगळं उभं करायची गरज नाही. आम्ही काहीजण रविवारी सकाळी निगडीत एकाच्या गच्चीवर जमतो. कॉम्प्रेसर एकच आहे, तो सगळ्यांचा. उरलेली डेकल्स आणि जादा चाकं एका डब्यात पडतात, ज्याला लागेल त्याने न्यावीत. कॉलेजची पोरं येतात, एक निवृत्त टूलरूमवाले काका येतात. व्हर्निअर कसं धरायचं ते मी त्यांच्याकडून नव्याने शिकले. नियम दोनच. अपुरी गाडी आणायची, झालेली नाही, कारण अपुऱ्या गाडीत अजून काही करता येतं. आणि दुसऱ्याच्या कामाबद्दल बोलताना जागा दाखवून बोलायचं. ‘छान आहे’ याने कुणाला काही मिळत नाही, ‘डाव्या मागच्या कमानीची कड अजून जाड आहे’ याने मिळतं. तुमच्या भागात असा कट्टा नसेल तर दोन माणसं पुरतात. आणि सगळे मिळून एकदा कोथरूडला जोशींचं लघुरेल्वेचं संग्रहालय बघून या. प्रमाण अख्ख्या शहरभर सांभाळायचं म्हणजे काय, ते तिथे कळतं.

गाडी झाली की काचेच्या कपाटात ठेवा, पश्चिमेच्या उन्हापासून लांब. किटचे मऊ टायर काही काळाने खालच्या प्लॅस्टिकला चिकटतात आणि ते विरघळवतात, म्हणून पारदर्शक डब्याच्या तळावर ती थेट ठेवू नका. प्रत्येक टायरखाली अ‍ॅल्युमिनियम फॉइलचा बारीक तुकडा सरकवा, वरून तो दिसणार नाही एवढाच.